चुलीत घातलेली पट्टी

आई, तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू होतीस तेव्हा आपण एकाच घरात होतो, लिहायचं कशाला? आणि मी लग्न होऊन शिरूरला आले त्याच्या वर्षभर आधीच तू गेलीस. आज लिहायला बसले ती माया उतू चाललीय म्हणून नाही. भांडायला बसलेय. जिवंतपणी तुझ्यापुढं तोंड उघडायची माझी टाप नव्हती. आता तुला उलट बोलता येत नाही, तर मी जरा बोलून घेते. निमित्त माझ्या लेकीचं. तिला तू पाहिलं नाहीस. ती आता पुण्याला कॉलेजात आहे. परवा सुट्टीला आली होती, मी मेथी निवडत होते, तेव्हा तिनं मला एक साधा प्रश्न विचारला. काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. आधी माझं ऐकून घे.

आपल्या गावची अंगणवाडी देवळामागच्या समाजमंदिरात भरायची. मी चार वर्षांची. घरापासून तिथपर्यंत तू माझं बोट धरून नेतेस, आणि उंबऱ्यापाशी आलं की बोट सोडतेस. "हितनं पुढं मी आई न्हाई. बाई हाय. बाई म्हणायचं, आन् तुम्ही म्हणायचं. बाकीच्या पोरांना वाटाया नको, बाई घरच्या पोरीचे लाड करत्यात." मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया उंबऱ्यावर बदलतात. दिवसभर मी तुला "बाई, मला पाणी द्या" म्हणायची, आणि शाळा सुटली की बाहेर पायरीवर बसून आईची वाट बघायची. तू कुलूप लावून यायचीस आणि पुन्हा बोट धरायचीस.

मी मारकी होते. हे मी नाकारत नाही. चापट, चिमटा, ओचकारा, हाताला येईल ते. पण आई, मला हे शिकवलं कुणी? आबांनी. तुझ्या सासऱ्यांनी. आबा बाजेवर बसलेले, मी त्यांच्या मांडीवर, आणि आत्या पाणी भरून आली की आबा म्हणणार, "हाण तिला! हाण आत्याला! उशीर का केला म्हणावं!" मी हाणायची आणि सगळं घर हसायचं. मी पडले तर जमिनीला मारायचं. "जमिनीनं पाडलं व्हय आमच्या बाळीला? थांब, हाण तिला, दे रट्टा." मी जमिनीला रट्टे द्यायची आणि गप व्हायची. मला इतकंच कळलं होतं, की हात उचलला की लोक हसतात आणि दुखणं थांबतं. आणि हेच आबा मेंढरांच्या बाबतीत केवढे शहाणे! शेती धरल्यावरही दहा-बारा मेंढरं त्यांनी ठेवली होती. नवं कोकरू ढुशी द्यायला लागलं की आम्ही पोरं त्याच्या कपाळाला तळहात लावून ढकलाढकली खेळायचो. आबा तिथूनच ओरडायचे, "कपाळाला हात लावू नगा रं! आज गंमत वाटती. त्याला खेळच वाटंल आन् उद्या मेंढा झाल्यावर माणसाची मांडी फोडंल. मग त्यालाच बडवाल." कोकराच्या बाबतीत जे कळत होतं ते नातीच्या बाबतीत कळलं नाही. आणि तुला तर सगळं कळत होतं, दौंडला ट्रेनिंग झालेली तू. पण तूही चुलीपाशी बसून हसायचीस. मी बघितलंय.

मग तो दिवस. सोसायटीच्या चेअरमनच्या नातवानं माझी पेन्सिल हिसकली आणि मी हातातली पाटी त्याच्या डोक्यात घातली. लाकडी चौकटीचा कोपरा लागला. रक्ताचा ओघळ भुवईपर्यंत आला. मदतनीस मावशीनं हळद दाबली, पोरगं घरी पळालं, आणि थोड्या वेळानं त्याची आजी आली, बरोबर वाड्यातल्या दोन बायका. तुझी नेमणुकीची ऑर्डर चेअरमनच्या शब्दानं झालेली, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की तू पटकन उभी राहिलीस आणि डोक्यावरचा पदर सारखा केलास. ती म्हातारी म्हणाली, "बाई, तुमची पोरगी हाय म्हून काय आमच्या पोरांची डोकी फोडायची मुभा हाय तिला? मेंढरामागची सवय हितं आणू नगा." तू टेबलावर रजिस्टरच्या रेघा मारायची लाकडी पट्टी होती ती उचललीस. आधी हातावर, मग पोटऱ्यांवर, मग जिथं लागेल तिथं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तू तर लेकीला मारलंस आणि गावाला ऐकवलंस. शेवटी त्या म्हातारीनंच तुझा हात धरला, "पुरं करा वो बाई, मरंल ती." परकी बाई मध्ये पडली, आई. आणि मला त्यातला मार कमी आठवतो. आठवतं ते हे, की तू मारत होतीस मला आणि बघत होतीस त्यांच्याकडं.

त्यानंतर मी कुणाला मारलं नाही. सुधारले म्हणून नाही. घरीही तू सैल सोडलं नाहीस. हात उचलला की लाटणं, चुलतभावाला नुसतं ढकललं तरी लाटणं, तिसरीत जाईपर्यंत. मी हात पाठीमागं बांधून चालायला शिकले. शाळेतला एकूण एक फोटो काढून बघ, सगळ्या पोरींचे हात पुढं, माझे मागं. अजूनही कुणी जरा मोठ्या आवाजात काही विचारलं की माझे हात आपोआप मागं जातात. नवरा चेष्टा करतो, "पोलीस आले का काय?" मी हसण्यावारी नेते.

आणि गावात तुझं नाव काय? तुझ्या दहाव्याला बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. "तुझ्या आईनं माझ्या पोराला कवा बोट लावलं न्हाई गं. कसलं आडदांड कार्टं, पर बाईंनी नुसत्या बोलण्यावर माणसात आणलं." एक नाही, दोन नाही, दहा जणी. मी मान हलवत होते आणि आतून नुसती जळत होते. लोकांचं असतं आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुझं मात्र उलटं. गावची कार्टी तुझे बाब्ये, आणि मी? त्या दिवशी मला तू मेल्याचं दुःख कमी आणि फसवलं गेल्याचं जास्त झालं, हे मी आजवर कुणाला बोलले नाही. तुझ्याकडं गोडवा नव्हता असं असतं तर मी सोसलं असतं. होता. तो मला सोडून सगळ्यांना वाटलास.

शिरूरला आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. नवरा रांजणगावला कंपनीत, शिफ्टची नोकरी, सासूबाई आमच्यापाशी. लेक दोन वर्षांची झाली आणि हात चालवायला लागली. कशी शिकली? तशीच. सासूबाई तिला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "पप्पाला हाण! ड्युटीवरनं उशिरा आला का, दे चापट!" ती द्यायची आणि आम्ही हसायचो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. हसताना मला आबा आठवले नाहीत, कोकरू आठवलं नाही, काही नाही. मग ती शेजारच्या पोराला मारायला लागली. शेजारी बिहारचं कुटुंब होतं, त्यांचा दीड वर्षाचा मुलगा, गोरागोमटा, हिनं त्याच्या गालावर पाच बोटं उमटवली. त्याची आई बिचारी म्हणायची, "बच्ची है दीदी, रहने दो," पण पोराला उचलून आत न्यायची आणि दाराची कडी लावायची. ती कडी वाजली की मला घाम फुटायचा. सासूबाई म्हणायच्या, "एक ठेवून दे. पोरीची जात, आत्ताच सरळ केली पायजे." मी नुसती ओरडायची, आणि ती माझ्याकडं बघत पुन्हा मारायची. मला भीती एकाच गोष्टीची होती, आई. आज ना उद्या माझा हात उठणार. उठला की थांबणार नाही. तुझा थांबला नव्हता.

तेव्हा आपल्या अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी आल्या. त्यांच्या सुनेचं माहेर शिरूरचं, चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे यष्टीनं आल्या होत्या, वाट वाकडी करून मला बघायला. केस सगळे पांढरे झालेले. मी चहा टाकला आणि तेवढ्यात बाहेर ओट्यावर पोरीनं शेजारच्या पोरावर हात उगारला. माझ्या आधी मावशी उठल्या, त्या गुडघ्यांनी. हात त्यांनी हवेतच धरला, झटका न देता, जसा काही पडणारा पेला धरावा. खाली बसल्या, तिच्या उंचीला आल्या. आधी त्या पोराकडं बघितलं, "लागलं न्हाई ना रं राजा?" मग हिचा तळहात घेऊन त्याच्या गालावरून अलगद फिरवला. "हळू. असं. हळू." हिनं हात सोडवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी तोच तळहात स्वतःच्या सुरकुतल्या गालाला लावला. "हळू." मग माझ्याकडून मूठभर शेंगदाणे मागितले, हिच्या हातात दिले, आणि म्हणाल्या, "पयला घास त्याला." हिनं दिला! एकेक दाणा, एवढं तोंड करून. बिहारीण दारात उभी राहून बघत होती, ती खुदकन हसली.

मी विचारलं, "मावशी, हे कुठं शिकला?"

"कुठं म्हंजी? तुझ्या आईकडं. पोरांना खायाची सुकडी वाटायच्या टायमाला असंच करायच्या बाई. ज्यानं मारलं त्यानंच पयली मूठ द्यायची, ज्याला मारलं त्याला. हात तोच पायजे. चौदा वर्सं बघितलं मी."

"आणि आधी? मला मारलं तेव्हा?"

मावशींनी कप खाली ठेवला. "तुला आठवतंय व्हय ते?" मग म्हणाल्या, "तवा न्हवतं हे. त्या दिसानंतर आलं." आणि आई, मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला आठवत नव्हतं. त्या बायका गेल्यावर म्हणे मी तुझ्यापुढं जाऊन उभी राहिले, हुंदके देत, आणि म्हणाले, "बाई, मला माझ्या आईकडं जायचंय."

मावशी म्हणाल्या, मागं चुलीवर सुकडी भाजायची कढई होती तिथं गेलीस, पट्टी गुडघ्यावर मोडलीस आणि जाळात घातलीस. पुन्हा पट्टी घेतली नाहीस. "रजिस्टरच्या रेघा मग हातानंच वढायच्या बाई. दौंडच्या सुपरवायझर मॅडम दर मिटिंगला वरडायच्या, रेघा वाकड्या का म्हून."

त्या रेघा मला आठवल्या. तुझी रजिस्टरं घरी यायची, मी त्यावर बोटं फिरवायची. वजनाचं रजिस्टर, हजेरी, आहाराचं, सगळ्या रेघा शेताच्या बांधासारख्या तिरप्या. मला वाटायचं तुला सरळ रेघ येतच नाही.

मावशींना वाटलं हे ऐकून मी विरघळेन. त्या माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या. मी विरघळले नाही. मला असा राग आला, आई, की तू समोर असतीस तर काय बोलले असते कुणास ठाऊक. म्हणजे तुला कळलं होतं! त्याच दिवशी, त्याच घटकेला कळलं होतं! मला वाटत होतं तुला कळतच नसेल. मारणाऱ्याला कळत नसतं असं समजून मी निम्मं माफ केलं होतं. माझ्या अंगावर तू शिकलीस आणि ते शहाणपण गावाच्या पोरांना दिलंस. मी तुझी कच्ची वही, पक्की वही त्यांची. पट्टी जाळलीस ती समाजमंदिरातली. घरातलं लाटणं का नाही जाळलंस? मी मावशींना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "भ्याली व्हती बाय ती. परत त्या म्हातारीपुढं उभं राहाया लागलं तर, म्हून. तू जरा हात उचलला की तिचं काळीज लकलक करायचं." असेल. पण मला ते पटत नाही. भ्यालीस तर मला जवळ घ्यायचंस. पायरीवर बसून मी ज्या आईची वाट बघत होते ती एकदा तरी येऊन म्हणाली असती, चुकलं माझं. एकदा. मी तिसरीपर्यंतचं सगळं विसरले असते.

तरी मी तुझंच केलं. दुसरं काय होतं माझ्याकडं? पोरीचा हात हवेत धरायचा, खाली बसायचं, मार खाल्लेल्याला आधी विचारायचं, मग "हळू." घरातलं "हाण पप्पाला" बंद केलं, त्यावरून सासूबाईंशी चार दिवस अबोला झाला. जमिनीला मारणंही बंद. ती पडली की मी म्हणायची, "लागलं ना? ये इकडं," बस. दिवसातनं वीस-वीस वेळा तेच. पहिला आठवडा तर मला वाटलं, मावशीनं आणि तू मिळून माझी थट्टा केलीय. ती "हळू" म्हणत म्हणत फाडकन मारायची. मग कळलं की भुकेली असली, झोपेला आली, की हात चालतो, तर तिला आधीच खाऊ घालायला लागले. तीन आठवड्यांनी एका सकाळी ती शेजारच्या पोरापाशी गेली, हात उचलला, थांबली, माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या गालावर ठेवला. "हलू," म्हणाली. ळ येत नव्हता तिला. बिहारीण त्या दिवसापासून दाराला कडी लावायची बंद झाली. मी मोरीत जाऊन रडले. आनंदानं नाही फक्त. इतकं सोपं होतं गं. अवघड होतं पण सोपं होतं, आणि तुला येत होतं.

आता जे सांगायचंय ते. त्यानंतर महिनाभरात पाबळला नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. घर भरून बायका. पाळणा सजवलेला, बाळ झोपलेलं. गर्दीनं, भुकेनं, माझी लेक सकाळपासून चिडलेली, मला ते दिसत होतं, पण मी पुऱ्या लाटत होते. ती पाळण्यापाशी गेली आणि तिनं बाळाच्या तोंडावर चापट मारली. बाळ किंचाळलं. नणंदेची सासू म्हणाली, "आई हळू हळू म्हणती म्हणं. बघा हळू." एक-दोघी हसल्या. मी पीठभरल्या हातानं गेले आणि पोरीच्या कानशिलात दिली. एकच. पण आई, खरं सांगते, भुकेचं मला माहीत होतं. हवेत हात धरायचं माहीत होतं. सगळं, सगळं माहीत असून दिली. आणि देताना मी कुठं बघत होते? त्या बायकांकडं.

ती रडली नाही. गालावर पिठाची बोटं घेऊन उभी राहिली. मग तिनं माझा हात धरला, तोच, दोन्ही हातांनी ओढून घेतला, आपल्या गालाला लावला आणि मला शिकवल्यासारखं म्हणाली, "आई, हलू."

तर परवाचा प्रश्न. नणंदेची थोरली मुलगी आता दोन वर्षांच्या पोराची आई आहे, तिचं पोर मारकं निघालंय, आणि माझी लेक त्याला दिवसभर सांभाळून आली होती. मेथीची एक काडी उचलून ती म्हणाली, "आई, मी पण मारकी होते म्हणे. तू मला कधी मारलं होतंस का गं?" सहज विचारलं. उत्तर काही का असेना, तिला चाललं असतं. सांगायला काय लागत होतं? एकदा. लोकांसमोर. चुकलं माझं. तुझ्याकडून जे दोन शब्द मी उभा जन्म मागत होते, ते माझ्या जिभेवर होते.

मी म्हणाले, "न्हाई गं, कधीच न्हाई." ती खूश झाली, मला बिलगली, म्हणाली, मला वाटलंच.

तुझ्यावरचा माझा राग अजून आहे तेवढाच आहे. हे पत्र तुला पोचणार नाही म्हणून बरं, आणि तिच्या हाती लागू नये म्हणून मी ते पिठाच्या डब्यामागं ठेवणार आहे. फक्त एक सांगते. तिला न्हाई म्हणताना मेथी माझ्या मांडीवरनं खाली सांडली. तिला वाटलं धक्का लागला. धक्का लागला नव्हता, आई. माझे दोन्ही हात पाठीमागं गेले होते.